दाजींच्या बोटीची निळी पट्टी

मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेत एक तास शिकवला नव्हता. मागच्या खिशात कायम फूटभर स्टीलची पट्टी खोचलेली असायची, म्हणून बाजारानं त्यांना पट्टीमास्तर केलं, आणि पुढं पट्टी गळून नुसते मास्तर उरले. धंदा स्टिकर चिकटवायचा. वहीवरचे फुलाफळांचे नव्हेत. दुकानाच्या काचेवरची अक्षरं, दवाखान्याच्या दारावरच्या वेळा, टेम्पोच्या पाठीवरचे फोन नंबर. चोवीस वर्षं ह्या माणसानं दुसरं काही केलं नाही, आणि जे केलं त्यात केसाएवढा बाक राहू दिला नाही.

त्यांची पाणसळ हातभर लांब, पिवळी. तिच्या काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबल्याशिवाय मास्तर चिकट बाजूचा कागद सोडवतच नसत. ही खोड कामापुरती राहिली असती तर ठीक. पण लोकांच्या घरी गेले की कॅलेंडर सरळ कर, फोटो सरळ कर. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं अपेंडिक्स काढलं तेव्हा हे भेटायला गेले आणि वॉर्डातली 'शांतता राखा'ची पाटी उचकटून पुन्हा लावून आले. दाजींना कसं वाटतंय हे विचारायचं राहूनच गेलं. दाजी ते विसरले नाहीत. दाजी काहीच विसरत नाहीत.

मग बाजारात विजेचे पडदे आले. काचेवर अक्षरं चिकटवण्यापेक्षा आतून एक चकाकता पडदा टांगायचा, रोज त्यावर वेगळं लिहायचं. दोन वर्षांत अख्खा रस्ता तसा झाला. मास्तर घरी बसले. घरात पुढच्या खोलीत कापायचं मशीन, भिंतीला टेकलेले रंगीत रोल, आणि त्यांच्यामध्ये बायको भाजी निवडतेय.

"मेव्हणे," एक दिवस दाजी म्हणाले, "असं करा. माझ्या तिकिटाच्या खिडकीत बसा. सावलीतलं काम आहे."

दाजींची खाडी ओलांडणारी प्रवासी बोट होती. धक्क्यावर पत्र्याची खोली, तिला एक खिडकी, खिडकीमागं एक स्टूल. मास्तरांनी ते स्टूल पाहिलेलं होतं. त्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाला दाजी बाहेरून, सगळ्या रांगेसमोर, काय काय बोलतात तेही ऐकलेलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही त्यांना.

आक्का, मास्तरांची थोरली बहीण, मध्ये पडली. "अहो, तुमचा संघ सगळ्या बोटी एकसारख्या करणार म्हणताय ना? नाव, खाली निळी पट्टी? मग ते काम धाकट्याला का नाही?"

बोटमालकांच्या त्या संघाच्या अकरा बोटी होत्या. सगळ्यांना एकच पांढरा रंग, एकाच वळणाची अक्षरं, खाली हातभर अंतरावर बोटभर रुंद निळी पट्टी, असं ठरलं होतं. शहरातली एक कंपनी हे काम घ्यायला तयारच होती. दाजींनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "पहिली माझी बोट करा. संघाला पटली तर बाकीच्या दहा तुमच्या. नाही पटली तर खिडकी आहेच."

म्हणजे गोष्ट एवढीच होती. एक पट्टी सरळ लावायची. मास्तरांना हसूच आलं.

हसू पहिल्या दुपारीच जिरलं. काच उभी असते, सपाट असते, गप्प असते. बोटीचं अंग म्हणजे कुठून धरावं तेच कळेना. मध्ये फुगलेलं, खाली आत गेलेलं, तोंडाकडे वर उचललेलं. बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. मास्तरांनी आधी स्पिरिटनं अंग पुसलं, साबणाचं पाणी फवारलं, पाणसळ लावली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि मागून पट्टी बसवत पुढं निघाले. मध्यापर्यंत झकास. मध्याच्या पुढं पट्टीच्या अंगात आलं. ती आपोआप वर चढायला लागली. खाली दाबावी तर वरच्या काठाला सुरकुत्या, वर सोडावी तर रेघ सुटते. गरम हवेच्या बंदुकीनं शेकून, ओढून, चुचकारून, शिव्या घालून त्यांनी ती रेघेवर आणली. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी बसली. सुईनं फुगे टोचून टोचून बोटं बधिर झाली. मग आक्काचं नाव लागलं, बोटीला तेच होतं. दुसऱ्या कुशीला पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर दहा पावलं मागं गेले, एक डोळा मिटला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते बायकोनं लग्नात पण पाहिलं नव्हतं. पाणसळ शेवटची लावली. बुडबुडा मध्यावर, हलायला तयार नाही.

रविवारी बोट पाण्यात उतरवायला सगळा संघ जमला. क्रेननं पट्टे लावून तिला उचललं, पाण्यावर ठेवलं, पट्टे सुटले. बोट जराशी डोलली आणि स्थिर झाली. मग हळूच, म्हातारं माणूस आरामखुर्चीत रेलतं तशी, मागं बसली.

मग धक्क्यावर एकेक मान एका बाजूला कलायला लागली.

निळी पट्टी मागं पाण्याजवळ गेली होती आणि तोंडाकडे वीतभर वर उठली होती. आक्काचं नाव डोंगर चढत होतं.

"मेव्हणे," दाजी म्हणाले. एवढंच.

"पाणसळीत आहे!" मास्तर ओरडले. "मी स्वतः लावून पाहिलंय! सगळ्यांनी पाहिलंय!"

"पाणसळीत असेल हो," संघाचा एक चष्मेवाला म्हणाला. त्याच्या बोटीचा नंबर दुसरा होता. "पण पाण्यात नाहीये."

इंजिनवाला मिस्त्री तंबाखू मळत उभा होता. त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नव्हतं. "मास्तर, बोट ठोकळ्यावर बसते तशी पाण्यात बसत नाही. इंजिन मागं, डिझेल मागं, आणि दाजी पण मागंच बसतात. बुड खाली जाणारच की."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर पाणसळीशी बोलत होतात."

लोक हसले. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती ओतायची कुणावर? चुकलं कुणाचं होतं? माप चुकलं नव्हतं. हात चुकला नव्हता. चोवीस वर्षं जी गोष्ट कधी खोटं बोलली नाही ती आज सगळ्या संघासमोर खोटी पडली होती, आणि ती अजून त्यांच्या काखेत होती.

दाजींना एक युक्ती सुचली, आणि ती मास्तरांच्या अपमानापेक्षा भयंकर होती. त्यांनी घरच्या माणसांना बोटीत, अगदी तोंडाशी बसवलं. आक्का, आक्काची जाऊ, जावेची आई, आणि भरीला मिस्त्री. बोटीचं तोंड खाली आलं. पट्टी सरळ झाली.

"बघा!" दाजी म्हणाले. "झाली की सरळ. रोज सकाळी तुमच्या नातेवाइकांना आणून बसवा इथं."

जावेची आई वरून विचारत होती, "अजून पुढं सरकू का?"

मास्तर घरी आले आणि पुढच्या खोलीत रोलांकडे पाठ करून बसले. बायकोनं पाणी आणून ठेवलं. तिनं काही विचारलं नाही, तिला शेजारणीकडून आधीच कळलं होतं.

"संघानं एक आठवडा दिलाय," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा सगळे बघणार. तेव्हाही वाकडी दिसली तर काम कंपनीला. आणि मी खिडकीत."

"मग पाण्यात जशी बसते तशी मापून घ्या की."

"कशी बसते? त्या मिस्त्र्याला विचारलं, तर तो म्हणतो, रिकामी वेगळी बसते, भरलेली वेगळी बसते, डिझेल निम्मं असलं की आणखी वेगळी. चाळीस माणसं चढली की पट्टी सरळ, उतरली की वाकडी! अगं, ही बोट आहे का काय आहे? हिचं एक माप नाही. कशावर हात ठेवायचा माणसानं?"

बायको चिमटा घेऊन अक्षरांच्या पोटातला नको असलेला स्टिकर उपटत बसली होती. नव्यानं कापलेलं आक्काचं नाव. तिनं मान वर न करताच विचारलं, "लोक बोटीचं नाव कधी वाचतात?"

"म्हणजे?"

"चढायच्या आधी ना? आपली कुठली, हे बघायला. बोटीत बसल्यावर बोटीचं नाव दिसतं का कुणाला?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग सकाळी धक्क्याला लागते तेव्हा असते तशी मापा. रिकामी. डिझेल भरून. एवढं काय त्यात?"

एवढं काही नव्हतं त्यात, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. चोवीस वर्षांचा अनुभव काखेत घेऊन फिरणाऱ्याला चिमट्यानं चिकट कचरा उपटणाऱ्या बाईनं रस्ता दाखवावा. ते "हं" म्हणाले. पण चहा त्यांनी केला, तेही न सांगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं टाकी भरली. मास्तर एका छोट्या होडीत बसून बोटीच्या कडेनं निघाले. पाण्याचं आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं, एका हातानं होडीची कड इतकी घट्ट धरली होती की मिस्त्री म्हणाला, "सोडा, ती पळून जात नाही." दुसऱ्या हातात मेणाची पेन्सिल. पाणी जिथं बोटीच्या अंगाला लागत होतं तिथं एक खूण मागं करायची, एक पुढं. दोन खुणा, बस. पण पाणी एका जागी थांबेल तर ना! लाट आली की वीतभर वर, गेली की खाली. मास्तर पेन्सिल टेकवून वाट बघायचे, पाणी थांबतंय असं वाटायचं, तेवढ्यात कुणीतरी लांबून बोट काढायचा आणि पुन्हा सगळं हिंदकळायचं.

"अरे, जरा थांबा की!" ते त्या बोटवाल्याला ओरडले.

"पाण्याला सांगा!" तो ओरडून गेला.

दोन तासांनी चारही खुणा झाल्या, दोन ह्या कुशीला, दोन त्या. मास्तरांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तोंडाला खारट चव आली होती.

मग बोट पुन्हा बाहेर, ठोकळ्यांवर. जुनी पट्टी काढायची. स्टिकर लावताना नखरे करतो, काढताना सूड घेतो. बंदुकीनं शेकलं की वरचं प्लास्टिक सुटायचं आणि गोंद तसाच अंगाला राहायचा. जास्त शेकलं तर बोटीचा रंग फुगणार. थिनरनं पुसलं तर गोंद सुटायच्या आधी पसरायचा, पांढऱ्यावर राखाडी चट्टे. मास्तर अंगठ्याच्या नखानं खरवडत राहिले. दोन दिवस. आपल्याच हाताचं काम, इतकं नीट चिकटवलेलं, की निघता निघेना. हलक्या हातानं लावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या माणसाच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

शुक्रवारी मागच्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत दोरी ताणली. तिला समांतर, हातभर वर, पट्टी. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून ह्यावेळी पट्टी तोंडापाशी एकसंध न ठेवता तुकड्यातुकड्यानं लावली, म्हणजे ती रुसत नाही. ती खरंच रुसली नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही कुशी झाल्या.

आणि मास्तर दहा पावलं मागं गेले, एक डोळा मिटला.

पट्टी वाकडी होती. धडधडीत वाकडी. तोंडाकडे उतरत गेलेली, आक्काचं नाव घसरगुंडीवरून खाली निघालेलं. दोरी बरोबर होती, खुणा बरोबर होत्या, पण डोळा ऐकेना. रोज आरशातला भांग बघणारा डोळा तो. त्यांनी पाणसळ उचलली, लावली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला, रुसल्यासारखा. त्यांनी ती पिशवीत घालून पिशवीची चेन लावली.

गोंद घट्ट व्हायला एक दिवस लागतो. शनिवारभर बोट तशीच ठोकळ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत. मास्तर राखणीला स्टूल टाकून बसले, बोटीकडे पाठ करून. समोर बघितलं की हात शिवशिवायचे.

"अहो, वाकडं लागलंय," पहिला म्हणाला, सकाळी साडेसातला.

"माहितीये."

"नाही, म्हणजे पुढून खाली आलंय."

"माहितीये मला."

दुसरा थांबला, तिसरा थांबला. जाळ्यांच्या गाठी मारणाऱ्या दोन बाया मुद्दाम वळून आल्या. एकीनं मान कलवून पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "असंच लावतात गं हल्ली. फॅशन असते." चष्मेवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा काही बोलला नाही, दुसऱ्यांदा नुसतं च्यक च्यक करून गेला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. प्रत्येकाला मास्तर सांगायचे, पाण्यात गेल्यावर सरळ होईल. प्रत्येकजण "हो का" म्हणायचा, तापात बरळणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. दुपारनंतर त्यांनी सांगणं सोडलं.

चारला दाजी आले. आक्का मागून येत होती.

दाजी बोटीभोवती एक चक्कर मारून आले. "मागच्या वेळी वर गेली होती," ते म्हणाले, आवाज अगदी शांत, "आता खाली आली. मेव्हणे, तुम्हाला मधली जागा माहिती आहे का?"

"दाजी, ती पाण्याच्या खुणेवर आहे."

"काढा."

"नाही काढणार."

"मी मालक आहे की तुम्ही?"

"मालक तुम्ही. पट्टी माझी आहे." मास्तर उठून उभे राहिले होते. "उद्या पाण्यात वाकडी दिसली, तर सोमवारी सकाळी सातला खिडकीत असेन. तुम्ही काय बोलाल ते ऐकेन, उलट शब्द काढणार नाही. पण आज हिला कुणी नख लावायचं नाही. तुम्ही पण नाही."

दाजींनी आक्काकडे पाहिलं. नाव तिचं होतं शेवटी.

आक्का बराच वेळ घसरगुंडीवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिली. "वाकडं तर आहे रे, धाकट्या," ती म्हणाली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "पण राहू दे. तो चुकला असेल तर उद्या दिसेलच की. चला, चहा प्यायचाय मला."

रविवारी पुन्हा संघ जमला, थोडे जास्तच. वाकडी पट्टी बघायला लांबून माणसं आली होती. मास्तरांची बायकोही आली, पदर खोचून, भांडायला लागलं तर तयारीत. क्रेन आली, पट्टे लागले, बोट उचलली. हवेत लोंबकळताना ती पट्टी इतकी वाकडी दिसली की कुणीतरी शिट्टी मारली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पाण्याचा आवाज झाला. पट्टे सुटल्याचा खडखडाट. बोट डोलली असणार. मास्तर डोळे मिटूनच थांबले, हसण्याची वाट बघत.

हसू आलं नाही. काहीच आलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

पट्टी पाण्याला धरून मागून पुढपर्यंत सरळ गेली होती. आक्काचं नाव त्यावर निवांत बसलं होतं, जसं काही कधी हललंच नव्हतं. आणि धक्क्यावर कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. क्रेनवाला मिस्त्रीकडे काडेपेटी मागत होता. आणखी दोघं दोरी कुठल्या खुंटाला बांधायची यावरून वाद घालत होते. वाकडी बघायला आलेले लोक, बघण्यासारखं काही नाही म्हटल्यावर, घरी निघाले होते.

"अरे, बघा तरी!" मास्तरांना ओरडावंसं वाटलं. आठ दिवस ज्या पट्टीनं खाल्लं त्या पट्टीला कुणी 'बरी आहे' एवढंही म्हणेना. वाकडी होती तेव्हा अख्ख्या गावाला मान होती कलवायला!

दाजी मात्र बघत होते. दोरी हातात धरून, बराच वेळ. मग दोरी गुंडाळत जवळून जाताना, मास्तरांकडे न बघताच म्हणाले, "खिडकीला दुसरा माणूस शोधला पाहिजे आता." आणि दोन पावलं पुढं जाऊन, "बाकीच्या दहांचं मी सांगतो संघाला."

कौतुक म्हणून एवढंच. बायकोनं खोचलेला पदर सोडला. "झालं ना? चला आता. अंगठा सुजलाय तो दाखवा आधी."

ते निघाले तेवढ्यात चष्मेवाला आडवा आला. "मास्तर, पुढची माझी बोट."

"हो. मंगळवारी येतो."

"एक सांगतो, राग मानू नका." त्यानं आवाज खाली आणला. "दाजी घरचे आहेत, त्यांनी वाकडं चालवून घेतलं. आमचं तसं नाही. आम्हाला सरळ पाहिजे."

मास्तरांनी हात लांब करून पाण्याकडे दाखवलं. "ती वाकडी आहे?"

चष्मेवाल्यानं वळून पाहिलं. नीट पाहिलं. "आत्ता दिसत नाहीये," तो म्हणाला. "पण काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय ना. दोनदा."

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुमची बोट मागं बसते का पुढं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. मंगळवारी सकाळी पाण्यातच ठेवा. टाकी भरून. आणि नंतर ठोकळ्यांवर चढवली की मी पाण्यात सोडा म्हणेपर्यंत तुम्ही गावाला जाऊन या कुठंतरी."

"मी कशाला जाऊ गावाला? माझी बोट आहे!"

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले, आणि बायकोमागून चालायला लागले. चष्मेवाला मागून विचारतच होता, पण कुठल्या गावाला ते मास्तरांनी काही सांगितलं नाही.